तुम्ही विचारलंत म्हणून: नीरेच्या पाटाची फाइल मी का देत नाही

“वीर धरणापासून नीरा डाव्या कालव्याच्या कडेनं बारामतीपर्यंत जी कच्ची वाट जाते, तिची जीपीएक्स फाइल द्या ना.” सायकल चालवणाऱ्यांचा हा निरोप सतत येतो. (जीपीएक्स म्हणजे जीपीएसनं नोंदवलेली वाट, फोनवर बघत जाता येते अशी.) नाही म्हटलं की पुढचं वाक्यही ठरलेलं असतं: रस्ता काय तुमच्या मालकीचा आहे का? नाही. तो जलसंपदा खात्याचा तपासणी रस्ता आहे, कालवा १८८५ पासून वाहतोय, त्यात लपवण्यासारखं काही नाही. तरीही देत नाही. दर वेळी दोन ओळींत कारण सांगून थकलो, म्हणून एकदाच सविस्तर.

फाइलमध्ये नुसती रेघ असते. खाली मुरूम आहे की काळी माती, महिना कोणता, आवर्तन (पाळीनं कालव्यात सोडतात ते पाणी) सुटलंय का, यातलं काहीच तिच्यात नसतं.

ही फाइल पूर्वी मागेल त्याला देणारा मीच. “सपाट आहे, चढ नाही, वाट चुकायची सोय नाही, नवख्यानं इथूनच सुरुवात करावी,” असं मी छातीठोक सांगायचो. यातलं पहिलं वाक्य आजही खरं आहे. कालव्याचा उतार इतका नाममात्र असतो की पायांना कळत नाही. पावसाळ्यात वारा पश्चिमेचा, म्हणजे वीरहून निघालात की पाठीवर. कागदावर जुलै झकासच दिसतो.

जानेवारीत नोंदवलेली ती फाइल दोघांनी जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात वापरली. सायकली चांगल्या, टायर ३८ मिमी, टायर आणि फोर्कमध्ये (पुढचं चाक धरणाऱ्या चिमट्यात) सात मिमीची फट. वीरच्या बाजूला मुरूम असल्यामुळे पाणी निचरून गेलेलं, सायकल पळत होती. निंबूतच्या पुढं काळं रान लागलं. आदल्या दिवशी पाऊस पडून गेलेला, सकाळी ऊन, वरची खपली वाळलेली. इथंच फसगत होते: खपली दिसते कोरडी, आणि बोटभर खाली लोणी.

काळी माती पाणी पिऊन फुगते आणि जमिनीपेक्षा स्वतःलाच जास्त घट्ट धरते. टायरला एक थर बसला की दुसरा त्याच्यावर चढतो. त्यात उसाचं पाचट मिसळलं की भिंत लिंपायला माती-भुसा कालवतात, तसला गिलावा तयार होतो. सात मिमीची फट तीसेक मीटरमध्ये भरली. पुढचं चाक फिरेना, घसरत जायला लागलं. इथं खाली उतरून सायकल उचलायची असते. त्यांच्यातल्या एकानं हलका गियर टाकून जोर लावला.

हलका गियर म्हणजे मागची सगळ्यात मोठी चकती, म्हणजेच डिरेल्युअर (साखळी एका चकतीवरून दुसरीवर नेणारा मागचा भाग) स्पोकच्या सगळ्यात जवळ. साखळीबरोबर पाचट आत गेलं आणि खालची छोटी चकरी अडकली. साखळीला सरकायला वाट उरली नाही, पायाचा जोर मात्र चालूच. मग साखळीनं डिरेल्युअरलाच मागं-वर ओढलं. डिरेल्युअर फ्रेमला ज्यानं टांगलेला असतो तो हँगर मुद्दाम मऊ अॅल्युमिनियमचा असतो, फ्रेम वाचावी म्हणून, तो मोडला. सुटलेला डिरेल्युअर स्पोकमध्ये गेला आणि दोन स्पोक कापले गेले.

पुढची चूक जास्त शिकण्यासारखी. त्यांच्याकडे साखळी तोडायचं हत्यार होतं, जादा हँगर नव्हता. डिरेल्युअर काढून, साखळी आखूड करून, मधल्या चकतीवर एकच गियर ठेवून निघायचं ठरलं. कल्पना बरोबर, पण साखळी ताणून बसवली. आजच्या कॅसेटवर (मागच्या चकत्यांच्या संचावर) साखळी वर चढावी म्हणून चकत्यांना खाचा-उतार दिलेले असतात. पुढच्या चकतीशी सरळ रेषेत नसलेली साखळी दहा-वीस फेऱ्यांत शेजारच्या मोठ्या चकतीवर चढते, आधीच आखूड असल्यामुळे कडक ताणली जाते आणि सगळंच जाम होतं. तसंच झालं. करायचं असेल तर अगदी सरळ रेषेतली चकती निवडा, साखळीला मध्ये सेंटिमीटरभर ढील ठेवा, आणि उभं राहून पायडल मारू नका. तरीही भरवसा धरू नका. त्यापेक्षा आपल्याच फ्रेमचा हँगर आणि साखळीची जोडकडी जवळ ठेवा. हँगर फ्रेमप्रमाणे बदलतो, शेजाऱ्याचा चालेलच असं नाही. जोडकडीही अकरा-बारा स्पीडप्रमाणे वेगळी.

चार किलोमीटर त्यांनी सायकल खांद्यावर घेतली. उसातून जाणारी बैलगाडीची वाट डांबरी रस्त्याला सहाशे मीटरवर मिळत होती. फाइलमध्ये ती नव्हती, म्हणून त्यांनी पाहिली नाही.

चूक त्यांची, असं मी बरेच दिवस म्हणत होतो. पावसात काळ्या रानात सायकल घालू नये, हे तिथलं शाळकरी पोरही सांगेल. हातात ढेकूळ घ्या, मळा, तळव्यांत वळी करून बघा. वळी न तुटता झाली तर परत फिरा. इतकं साधं आहे. पण फाइलला ‘सोपा, बारमाही’ असं नाव मीच दिलं होतं.

बरं, मग हिवाळ्यात तरी द्या, असं म्हणाल. हिवाळ्यात ऊसतोड सुरू असते. ट्रॅक्टरच्या चाकोऱ्या वाळून दगडासारख्या झालेल्या, त्यावर पाचटाची गादी, गादीखाली शेतकऱ्यानं पाइपलाइनसाठी खणलेला चर. ऊसतोड मजुरांच्या कोप्यांजवळची (झोपड्यांजवळची) कुत्री वेगळीच. पहाटे-संध्याकाळी उसाच्या कडेनं जाऊच नये. उसातला बिबट्या आता जुन्नरपुरता राहिलेला नाही.

पाऊस सरला की सराटे वाळतात आणि वेडी बाभूळ छाटून लोक वाटेवर टाकतात. ४० मिमीच्या ट्यूबलेस टायरला साठ मिली सीलंट (आत ओतायचं, भोक बुजवणारं द्रव) पुरतं म्हणतात. इथं नव्वद घाला, आणि उन्हाळ्यात दर सहा-आठ आठवड्यांनी तपासा, वाळून त्याचा रबरी गोळा झालेला असतो. सत्तर किलोच्या माणसाला पुढं ३२, मागं ३५ पीएसआय हवा ठीक. सराटा उपटा आणि भोक खाली येईल असं चाक धरून थांबा. बाभळीचा काटा मात्र आत मोडतो. सीलंट धरतं म्हणून आपण खूश होतो, आणि पुढं कधी ट्यूब घालावी लागली की तेच टोक ट्यूब फोडतं. ट्यूब घालण्याआधी टायरच्या आतून बोट जपून फिरवा.

उपग्रहाच्या चित्रात कालवा अखंड दिसतो, म्हणून रस्ताही अखंड धरला जातो. ओढ्यावरून कालवा जलसेतूनं जातो. रस्ता खाली ओढ्यात उतरून पलीकडे चढतो, किंवा चढतच नाही. तपासणी रस्ता बहुधा एकाच काठानं असतो आणि पुलावर काठ बदलतो. समोरच्या काठावर अडकलात तर पाण्यातून ओलांडायचा विचार नको. आवर्तन चालू असताना अस्तरीकरणाच्या शेवाळलेल्या उतारावर पाय घसरला की वर येता येत नाही. बाटली भरायलाही पायऱ्या असतील तिथंच उतरा.

नीरेच्या वरच्या अंगाला, भोरच्या पलीकडे हिरडोशी खोऱ्यातल्या जंगलवाटांबद्दलही विचारलं जातं. ते उत्तर छोटं आहे. राखीव वनात परवानगीशिवाय शिरणं १९२७ च्या वन कायद्याच्या २६ व्या कलमाखाली गुन्हा आहे. देवराई लागली तर सायकल बाहेर ठेवा. उन्हाळ्याच्या तोंडाशी पानगळीखाली दगड दिसत नाहीत, म्हणून उतारावर पुढचा ब्रेक हळू धरा. याहून जास्त मी लिहिणार नाही. तिथं आधीच पुरेसे टायर उमटलेत.

वीर ते नीरा गाव एवढाच मुरमाचा तुकडा वेगळा काढून, नावात महिना घालून द्यावा, असं अधूनमधून वाटतं. मागच्या वेळीही मी नावच घातलं होतं.