तीन फूट खाली सापडलेली पराटी

मृदा सर्वेक्षणात दीड मीटर खोल खड्डा घ्यायचा म्हटलं की शेतमालकाचा पहिला प्रश्न ठरलेला. यवतमाळकडच्या त्या कपाशीच्या वावरातही काकांनी तोच विचारला, "मॅडम, पानी पाह्यता काय?" पाणी नाही, जमिनीतला सेंद्रिय कर्ब, म्हणजे कुजलेल्या काडीकचऱ्यातून मातीत राहिलेला कार्बन पाहतोय, म्हटलं. त्यांना ते फारसं पटलं नाही, तरी घरून सब्बल आणून दिली. मे महिना, भारी काळी जमीन. फावड्याने ढेकूळसुद्धा हलत नव्हतं.

नेहमीच्या माती परीक्षणाला वरच्या 15-20 सेंटिमीटरची माती जाते. खताच्या मात्रेसाठी ती पुरते. पण कर्बाचा साठा मोजतानाही आपण बहुतेकदा 30 सेंटिमीटरवर थांबतो, याची मला मनापासून चिंता वाटते. जगभरच्या मातीत पहिल्या मीटरमध्ये साधारण 1500 अब्ज टन सेंद्रिय कर्ब आहे. दोन मीटरपर्यंत गेलं की आकडा 2400 अब्ज टनांच्या आसपास पोचतो. शिवाय मीटरभरातल्या कर्बापैकी वरच्या 20 सेंटिमीटरमध्ये जंगलात निम्मा असतो, गवताळ रानात 42 टक्के आणि झुडपी रानात फक्त 33 टक्के. झुडपी रानात वरवरची माती घेऊन परतलो, तर दोन तृतीयांश हिशेब जमिनीतच राहिला.

खड्ड्याची भिंत चाकूने साफ करत होते. तीन फुटांच्या आसपास मातीचे तिरपे, तेल लावून घासल्यासारखे चकचकीत पृष्ठभाग लागले. ओल्या मातीचे थर फुगून एकमेकांवर सरकले की ते तयार होतात. त्यांच्या मधून वरून खाली एक पट्टा आला होता, रवाळ, भुसभुशीत, अगदी नांगरटीच्या मातीसारखा. चाकूचं टोक त्यात अडलं आणि बोटभर लांबीचा पराटीचा, म्हणजे कपाशीच्या वाळक्या काडीचा, तुकडा बाहेर आला. साल अजून शाबूत होती.

काका खड्ड्यात उतरले. तुकडा उलटसुलट करून म्हणाले, "हे तं माह्याच वावरातली पराटी हाय. भेगीतून गेली असन. उन्हाळ्यात काठी टाकली तं काठी जाते खाली."

बरोबर होतं त्यांचं. या चिकणमातीत स्मेक्टाइट खनिज भरपूर. सुकली की ती आकसून भेगाळते, वरची माती आणि काडीकचरा आत पडतो, पावसात फुगून भेग मिटते. दरवर्षी जमीन अशी स्वतःलाच थोडीथोडी कालवत असते. म्हणून हिचा वरचा थर बघून खालचा अंदाज बांधता येत नाही. रंगावरून तर मुळीच नाही. इतकी काळीभोर असूनही अशा जमिनीत कर्ब बऱ्याचदा एक टक्क्याच्या आतच असतो. पण ते थोडं प्रमाणही खोलवर साठत जातं. 0.4 टक्के कर्ब आणि घनसेंटिमीटरला 1.5 ग्रॅम घनता धरली, तर 30 सेंटिमीटरच्या एकाच थरात हेक्टरी 18 टन होतात.

खोलवरचा कर्ब टिकतो, कारण तिथल्या सूक्ष्मजीवांना ताजं खाद्य क्वचित मिळतं आणि बराच कर्ब चिकणमातीच्या कणांना बिलगलेला असतो. फ्रान्समधल्या गवताळ जमिनीत 60 ते 80 सेंटिमीटरवरचा कर्ब दोन हजार वर्षांहून जुना निघाला होता. त्या मातीत सेल्युलोज, म्हणजे काडीकचऱ्यातला मुख्य घटक, मिसळल्यावर सूक्ष्मजीवांनी जुना कर्बही खायला घेतल्याचं 2007 साली प्रसिद्ध झालं. त्यामुळे हातातला तुकडा पाहून आनंद झाला, तशी असं ताजं खाद्य खाली पोचून जुना कर्बही जाईल की काय, अशी धास्तीही वाटली.

दुपारी बांधापलीकडच्या ई-क्लासच्या, म्हणजे सरकारी चराऊ जमिनीच्या, गवताळ तुकड्यात दुसरा खड्डा घेतला. तिथे कुसळी आणि मारवेलची केसासारखी मुळं पार खालपर्यंत होती. ही जमीन नांगरून टाकायचं गावात चाललं होतं. तिथे वर काही दिसत नाही म्हणून ती रिकामी धरायची, हे मला अजिबात मान्य नाही आणि काकांना मी तसं स्पष्ट सांगितलं.

नमुने आम्ही तळाकडून वर घेत आलो, म्हणजे वरची माती ढासळून खालच्या थरात मिसळत नाही. पिशव्यांवर खोली लिहिताना काकांनी विचारलं, "मंग पराट्या जाळू नोको काय?" जाळू नकाच, म्हटलं. पण बोंडअळी आहे, तशाच वावरात उभ्याही ठेवू नका. यंत्राने बारीक करा, शेणकाला शिंपडून कंपोस्ट करा. यंत्राचं भाडं किती पडतं, ते विचारायला त्यांनी तिथूनच शेजारच्या गावी फोन लावला.