न जमलेली जेली

लुइसा मे अल्कॉटची 'लिटल विमेन', म्हणजे शांता शेळके यांनी मराठीत आणलेली 'चौघीजणी', म्हटली की जोचं लेखन आणि बेथचं आजारपण आठवतं. मजा मात्र फसलेल्या कामांत आहे. १८६८-६९ मध्ये दोन भागांत आलेल्या या कादंबरीत मेग, जो, बेथ आणि एमी या चार बहिणी मोठ्या होत जातात त्या काहीतरी करपवत, खारट करत, डागाळत. आणि लेखिकाबाई या फजितीचा हिशेब चोख देतात.

पार्टीच्या संध्याकाळी जो गरम चिमट्याने मेगच्या केसांना कुरळेपणा द्यायला जाते. बटांभोवती गुंडाळलेल्या कागदाच्या पुड्या सोडल्या, तर कागदाबरोबर बटाही हातात! जोचा स्वतःचा झगा मागून जळलेला, म्हणून तिने भिंतीला पाठ लावून उभं राहायचं. तिच्या हातमोज्यांवर लेमोनेडचे डाग. तोडगा असा, की दोघींनी एकेक चांगला मोजा घालायचा आणि एकेक डागाळलेला नुसता हातात धरायचा. जोचा हात मोठा, आपला मोजा ताणला जाणार, ही मेगची धास्ती अगदी थोरल्या बहिणीची.

जोच्या हातचं जेवण तर विचारूच नका. ॲस्परॅगस, म्हणजे कोवळ्या कोंबांची भाजी, तासभर उकळलेलं, त्यामुळे शेंडे गळून गेले आणि देठ मात्र कडकच. त्याची जुडी बांधून देठ पाण्यात आणि शेंडे वर वाफेवर ठेवायचे असतात, कारण दोघांच्या शिजण्याची वेळच वेगळी. शेवटी स्ट्रॉबेऱ्यांवर साखरेऐवजी मीठ. शेजारचा लॉरी बिचारा तोंड किंचित वाकडं झालं तरी निमूट खातो.

पण सगळ्यांत जिवाला लागते ती मेगची जेली. नवं लग्न, बागेतले करंट, म्हणजे छोटी आंबट बेरीसारखी फळं, पिकलेले. नवरा जॉन घरी चार डझन छोट्या बरण्या, अर्धं पिंप साखर आणि फळं तोडायला एक पोऱ्या पाठवतो. मेग दिवसभर उकळते, गाळते, पाकपुस्तक उघडून बघते, पुन्हा साखर घालते, पुन्हा उकळते, पुन्हा गाळते. जेली काही धरत नाही.

इथे पेरूची जेली करणारी कुठलीही बाई पान मिटून म्हणेल, 'अगं, थांब!' जेली धरते ती फळातल्या पेक्टिनमुळे, म्हणजे रस घट्ट करणाऱ्या नैसर्गिक घटकामुळे. त्याला आंबटपणाची आणि साखरेची जोड लागते. करंटमध्ये पेक्टिन आणि आंबटपणा दोन्ही भरपूर असतात, पण फळ अतिपक्व झालं की पेक्टिन घटतं. म्हणून पेरूही थोडे कचवट घ्यायचे. रस एक वाटी तर साखर पाऊण ते एक वाटी, वर लिंबू. मोठ्या आचेवर, थोडा थोडा घाणा. थंड बशीत थेंब टाकून बोटाने ढकलला आणि त्यावर सुरकुती आली, की लगेच उतरवायचं. नाही धरली म्हणून तासन्‌तास उकळत राहिलं, तर होतं नव्हतं ते पेक्टिनही मोडतं आणि उरतो नुसता चिकट पाक. मेगने नेमकं हेच केलं असणार. शिवाय एवढ्या बरण्यांचा रस एका दिवसात! हॅनाला, माहेरच्या जुन्या मोलकरणीला, विचारलं असतं तर निभावलं असतं. पण संसारातली अडचण माहेरी न्यायची नाही, असं नवराबायकोचं ठरलेलं.

पाच वाजता मेग रडत बसते आणि जॉन नेमका त्याच दिवशी मित्राला जेवायला घेऊन येतो. चूल थंड. रडण्याचं कारण कळल्यावर तो हसून म्हणतो, फेक की ती खिडकीतून!

खिडकीतून फेकणं या घराला नवीन नाही. धाकट्या एमीने शाळेत मिठात मुरवलेली लिंबं नेली होती. बहिणीने दिलेल्या पाव डॉलरची, वाटेत एक खाऊन उरलेली चोवीस. मास्तरांनी तीही दोन-दोन करून खिडकीबाहेर टाकायला लावली. फरक एवढाच, की खाली रस्त्यावरच्या पोरांनी ती आनंदाने उचलली. जेलीला तेवढंही नशीब नव्हतं.