कोरं थंडरबर्ड, ऐन दिवाळी अंकांच्या दिवसांत

मी घरून मुद्रितशोधन करते. भाद्रपद लागला की दिवाळी अंकांची प्रुफं यायला लागतात आणि घटस्थापनेपर्यंत मान वर करायला फुरसत नसते. विंडोज १०चा मोफत सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ला संपणार, हे बरेच दिवस कानावर होतं. हंगामाच्या मध्ये ते झंगट नको, म्हणून कॉम्प्युटर आधीच दुकानात देऊन विंडोज ११वर घेतला. परत आला तो मस्त पळत होता. थंडरबर्ड, म्हणजे माझा मेलचा प्रोग्रॅम, उघडलं आणि समोर फक्त नवं अकाउंट जोडायची चौकट. अकाउंट नाही, फोल्डर नाहीत, पत्ते नाहीत. लेखकांशी झालेला सगळा पत्रव्यवहार, ‘हा शब्द असाच ठेवा’ म्हणून संपादकांनी पाठवलेल्या सूचना, सगळं गायब.

दुकानातल्या मुलाला फोन लावला. तो निवांत. “मॅडम, मेल क्लाउडवरच असतात ना? पासवर्ड टाका, सगळे येतील. तुमचं जुनं थंडरबर्ड बत्तीस बिटचं होतं, मी चौसष्ट बिटचं टाकून दिलंय.”

त्याच्या वयाच्या माणसाला मेल म्हणजे क्लाउड हे साहजिक आहे. पण माझं कामाचं अकाउंट पॉप३ पद्धतीचं. आयमॅपमध्ये मेल सर्व्हरवरच राहतात, आपण ते तिथे जाऊन बघतो. पॉप३मध्ये ते आपल्या डिस्कवर उतरतात आणि सर्व्हरवरचे काही दिवसांनी पुसले जातात. थंडरबर्डमध्ये ही मुदत मुळात चौदा दिवसांची असते आणि मी ती कधी बदलली नव्हती. शिवाय पाठवलेले मेल फक्त आपल्याकडेच. म्हणजे पासवर्ड टाकला असता तर गेल्या दोन आठवड्यांचे मेल आले असते, बाकी शून्य. आणि एकदा नव्या जागी मेल उतरायला लागले की पुढे जुने-नवे जुळवत बसा. म्हणून ती चौकट सरळ रद्द केली.

त्याच्या बोलण्यात एक गोष्ट मात्र कामाची निघाली: बत्तीस आणि चौसष्ट, म्हणजे एकाच प्रोग्रॅमच्या जुन्या आणि नव्या धाटणीच्या दोन आवृत्त्या. थंडरबर्ड प्रोग्रॅम वेगळा आणि आपला माल वेगळा ठेवतं. मेल, पत्ते, सेटिंग, पासवर्ड हे सगळं ‘प्रोफाइल’ नावाच्या फोल्डरमध्ये असतं, आणि २०१९च्या ६८व्या आवृत्तीपासून प्रत्येक इन्स्टॉलेशन आपलं प्रोफाइल स्वतंत्र धरतं. बत्तीस बिटचं एका फोल्डरमध्ये बसतं, चौसष्ट बिटचं दुसऱ्या. नव्याने पाहिलं, जुनं प्रोफाइल दुसऱ्याच्या नावावर आहे, म्हणून आपलं कोरं करकरीत मांडलं. नवा भाडेकरू समोरच्या फ्लॅटमध्ये शिरावा आणि आपण ‘घरातलं सामान चोरीला गेलं’ म्हणून ओरडावं, तसला प्रकार. थंडरबर्डचं काही चुकलेलं नव्हतं.

खात्री करून घ्यायची होती. विंडोजचं बटण आणि ‘आर’ एकत्र दाबून, चौकटीत टक्क्याच्या दोन चिन्हांमध्ये इंग्रजीत ‘अ‍ॅपडेटा’ लिहिलं. हे फोल्डर एरवी लपवलेलं असतं, पण असं बोलावलं की उघडतं. आत थंडरबर्ड, त्याच्या आत प्रोफाइल्स, आणि तिथे दोन फोल्डर. नावं म्हणजे इंग्रजी अक्षरांचा आणि आकड्यांचा निरर्थक पुंजका, एकाच्या शेवटी ‘डिफॉल्ट’, दुसऱ्याच्या शेवटी ‘डिफॉल्ट-रिलीज’. दोघांवर राइट क्लिक करून आकार पाहिला. रिलीजवालं काही एमबींचं, दुसरं कित्येक जीबींचं. जीव भांड्यात पडला. खुर्चीवरून उठून आधी चहा टाकला.

पुढचं काम फार नव्हतं. थंडरबर्डच्या हेल्पमध्ये ट्रबलशूटिंगची माहिती असते, तिथल्या तक्त्यात ‘अबाउट प्रोफाइल्स’ची लिंक आहे. त्या पानावर दोन्ही प्रोफाइल आपापल्या पत्त्यांसह दिसली. जड फोल्डरचा पत्ता पुन्हा एकदा ताडून पाहिला, ‘सेट अ‍ॅज डिफॉल्ट’ दाबलं, थंडरबर्ड बंद करून उघडलं. डाव्या बाजूला माझी सगळी फोल्डर, अंकागणिक केलेली, जशीच्या तशी.

एक मात्र खटकलं. पाठवलेल्या मेलचं फोल्डर रिकामं दाखवत होतं. प्रोफाइलमध्ये प्रत्येक मेल-फोल्डरच्या दोन फाइली असतात. एक बिनशेपटाची, तिच्यात खरे मेल एकाखाली एक लिहिलेले. दुसरी त्याच नावाची, शेवटी ‘एमएसएफ’ असलेली, ती नुसती अनुक्रमणिका. पाठवलेल्याची मोठी फाइल भरलेली होती, म्हणजे अनुक्रमणिकाच बिघडलेली. फोल्डरच्या प्रॉपर्टीजमध्ये ‘रिपेअर फोल्डर’ आहे, ते दाबलं की ती नव्याने तयार होते. थोडा वेळ पट्टी सरकत राहिली आणि मेल दिसू लागले. कुणी ‘ती फाइल उडवून टाका’ असा सल्ला दिला तर एमएसएफवाली उडवायची, बिनशेपटाची नाही. ती गेली तर मेल खरोखरच गेले.

इतक्यात संपादकांचा फोन. “ताई, दुसरा फॉर्म कधी देताय? छापखान्यातून विचारतायत.” सोळा पानांचा फॉर्म वाचून तयार होता, पाठवायला घेतला तर मेल जाईना. येत सगळं होतं, जात काही नव्हतं. सर्व्हरशी संपर्क होत नाही, एवढंच थंडरबर्ड पुन्हापुन्हा सांगे. हे मात्र वेगळंच दुखणं. त्याच सुमारास आमच्याकडे जुनं केबलचं कनेक्शन जाऊन फायबर आलं होतं, आणि माझ्या जाणाऱ्या मेलचं पोर्ट, म्हणजे मेल ज्या क्रमांकाच्या दारातून बाहेर पडतो ते, कुणीतरी कधीकाळी २५ टाकून ठेवलेलं. स्पॅम रोखायला बऱ्याच इंटरनेट कंपन्या घरगुती कनेक्शनवर ते पोर्ट बंद ठेवतात. अकाउंट सेटिंग्जच्या यादीत अगदी तळाला ‘आउटगोइंग सर्व्हर’ असतो, तिथे ५८७ लिहिलं, सुरक्षिततेच्या खान्यात ‘स्टार्ट-टीएलएस’ (मेल वाटेत कुणाला वाचता येऊ नये अशी पद्धत) निवडलं आणि फॉर्म गेला.

बाकीच्या कटकटी किरकोळ. पीडीएफ ब्राउझरमध्ये उघडायला लागल्या होत्या, ते डिफॉल्ट अ‍ॅप्समध्ये जाऊन बदललं. कीबोर्डने मात्र अर्धा दिवस छळलं. दुकानातल्या मुलाने मदत म्हणून मराठीला फोनेटिक (इंग्रजी उच्चाराप्रमाणे टाइप करायचा कीबोर्ड) बसवून इन्स्क्रिप्ट (भारतीय लिप्यांसाठीची ठरावीक कळरचना) काढून टाकलं होतं. माझी बोटं इन्स्क्रिप्टवर वाढलेली, शिफ्ट धरून ‘जे’ दाबलं की ‘ऱ’ उमटलाच पाहिजे. ‘दऱ्या’ हवं तिथे ‘दर्या’ पडायला लागलं तर माझ्या धंद्यात काय अर्थ राहिला! भाषेच्या सेटिंगमध्ये मराठीच्या पर्यायांत जाऊन इन्स्क्रिप्ट परत घेतलं आणि फोनेटिकला निरोप दिला.

आता शनिवारी काम आवरलं की थंडरबर्ड पूर्ण बंद करते आणि ते जड फोल्डर बाहेरच्या डिस्कवर घेते. बंद अशासाठी, की चालू असताना आतल्या फाइली बदलत असतात आणि प्रत अर्धवट होऊ शकते. सुट्या फाइली निवडत बसत नाही. पासवर्ड एका फाइलीत असतात आणि त्यांची किल्ली दुसऱ्या, एक घेतली आणि दुसरी राहिली तर काही उपयोग नाही. त्यापेक्षा अख्खं फोल्डर उचललेलं बरं. वेळ लागतो, तोवर दुसऱ्या दिवशीची प्रुफं कागदावर वाचून होतात.