पणजोबांचा शोध, पुढचा टप्पा : अ.पा.क. आई

मंडळी, पणजोबांच्या कागदांचं काम बरंच पुढं सरकलंय म्हणून सविस्तर लिहितोय, करवीर तालुक्यातल्या साध्या शेतकरी घराचं कुणी शोधत असेल तर उपयोग होईल. आमच्यात ना पाटीलकी ना कसलं वतन, त्यामुळं दप्तरात आपलं काय सापडणार असं घरातले म्हणायचे. पण सापडतं, फक्त माणसाच्या नावामागं न लागता जमिनीमागं लागायचं.

नावावरनं शोधलं की घोळ होतोच. जुन्या नोंदीत बऱ्याचदा आडनाव नसतं, नुसतं अमुक बिन तमुक, म्हणजे तमुकचा मुलगा, बाई असेल तर अमुक कोम तमुक, म्हणजे तमुकची बायको, आणि आजोबाचं नाव नातवाला ठेवायची पद्धत असल्यामुळं एकाच भावकीत एकाच नावाचे दोन-तीन गडी निघतात. म्हणून मी ओढ्याकडचं रान धरलं. आजच्या सातबाऱ्यावरचा गट नंबर घेतला, एकत्रीकरणाचा, म्हणजे तुकडे जोडून गट पाडले तेव्हाचा, नऊ-तीन नऊ-चारचा उतारा काढला, त्यातनं जुना सर्व्हे नंबर मिळाला आणि मग त्या नंबरचे फेरफार, म्हणजे जमिनीच्या हक्कातल्या बदलाच्या नोंदी, एकेक करून मागं वाचत गेलो.

तिथं एका जुन्या वारस नोंदीत पणजोबांचं नाव, आणि पुढं बारीक अक्षरात "अ.पा.क. आई". अज्ञान पालन कर्ता! म्हणजे बाप गेला तेव्हा पोरगं लहान होतं आणि रान आईनं सांभाळलं. घरात ही गोष्ट कुणालाच माहीत नव्हती, खापरपणजीचं नावसुद्धा कुणाला सांगता येत नव्हतं, ते मला त्या ओळीत पहिल्यांदा दिसलं. खरं सांगतो, कितीतरी वेळ मी त्याच ओळीवर बोट ठेवून बसलो होतो.

मग बाप कधी गेला हे बघायला गावचा नमुना १४, म्हणजे जन्म-मृत्यूचं रजिस्टर. मोडी आहे, पण रकाने ठरलेले असल्यामुळं थोडा सराव झाला की वाचता येतं. ऑक्टोबर १९१८ ची पानं उघडली आणि मृत्यूच्या कारणाच्या रकान्यात ताप, ताप, खाली पुन्हा ताप, सगळं पानच तसं. ही इन्फ्लुएंझाची साथ, त्या साली मुंबई इलाख्यात आणि संस्थानांत लाखो माणसं गेली. त्याच पानावर खापरपणजोबा, आणि त्यांच्यावर दोन ओळी सोडून एक मुलगी, बाप तोच. पणजोबांना बहीण होती हेही असं कळलं.

आता शाळा. शाहू महाराजांनी १९१७ मध्ये प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं, आणि आमच्या पोराचं नाव १९१८ च्या उन्हाळ्यात पटावर चढलेलं आहे. शाळेच्या जनरल रजिस्टरमधली जन्मतारीख मी फारशी धरत नाही, मास्तर बऱ्याचदा अंदाजानं लिहायचे, पण शाळा सोडल्याचा रकाना बघाच. नोव्हेंबर १९१८, कारण "शेतकाम". बाप गेल्यावर महिन्याभरात. आणि घरच्या ट्रंकेत पणजोबांचं पुढचं एक खरेदीखत आहे, त्यावर अंगठा नाही, एकेक अक्षर सुटं काढलेली सही आहे. तेवढ्या पाच-सहा महिन्यांच्या शाळेतली ती सही, दुसरीकडं शिकायला ते गेल्याचं काहीच दिसत नाही.

नवीन लोकांसाठी दोन गोष्टी. कागदावर फसली सन, म्हणजे जुनं महसुली वर्ष, असेल तर इसवी सन काढायला ५९० मिळवा, फसली वर्ष पावसाळ्याच्या तोंडाला बदलतं म्हणून जानेवारीपासून पावसाळ्यापर्यंतच्या तारखेला ५९१. आणि गाव कोल्हापूर संस्थानच्या खालशातलं, म्हणजे थेट दरबाराच्या ताब्यातलं, होतं की कागल, इचलकरंजी, बावडा, विशाळगड अशा जहागिरीतलं हे आधी विचारून घ्या, नाहीतर चुकीच्या दप्तरात दिवस जातो. १९१८ ला कुलकर्णी वतनं जाऊन तलाठी आले, त्याच्या आधीचं काही हवं असेल तर गावातल्या जुन्या कुलकर्ण्यांच्या घरीही चौकशी करा, गोडीनं विचारलं तर लोक माळ्यावरनं काढून देतात.

राहिलंय ते खापरपणजीचं माहेर. आमच्या हेळव्याच्या, म्हणजे गावोगाव फिरून घराण्यांच्या वंशावळी लिहून ठेवणाऱ्याच्या, वहीत वंश खूप मागपर्यंत आहे पण सगळे बाप्येच, सुनांचं नाव नाही. तिची नोंद झाली असेल तर तिच्या माहेरच्या भावकीच्या हेळव्याकडं, लेक कुठल्या गावाला दिली एवढं जरी त्यानं लिहिलं असलं तरी माझं काम होईल. आजी म्हणायची माहेर भुदरगडाकडचं. तेव्हा गारगोटीच्या बाजूला ज्यांच्याकडं हेळवी येतो त्यांनी सुगीनंतर तो आला की मला तेवढं कळवा, मी वही बघायला गाडी घेऊन येतो.