एकाही हाडाला हात न लावता

"हाडाले हात तरी लावला का गं कधी?" मावशीनं पहिल्यांदा विचारलं तेव्हा मी हसले. मग तोंडी परीक्षेला बाहेरून आलेल्या सरांनी तेच जरा शुद्ध मराठीत विचारलं. मग नोकरीच्या मुलाखतीत विचारलं गेलं. मग एका मुलाच्या आईनंही विचारलं, आणि ते स्थळ पुढे सरकलं नाही. तुम्हीही विचारलंत म्हणून आता एकदाच लिहून टाकते. नाही लावला. ॲरिझोनाच्या वाळवंटात सापडलेल्या अनोळखी सांगाड्यांवर मी नागपुरात, माझ्या खोलीत, कूलरसमोर बसून सहा महिने इंटर्न म्हणून काम केलं. हाडं पाहिली ती फोटोत, आणि तीही थोडीच.

काम दोन याद्यांचं होतं. एकीत हरवलेली माणसं, दुसरीत सापडलेले पण नाव नसलेले देह. एकीतली ओळ दुसरीतल्या ओळीशी जुळते का ते बघायचं. मावशीला कळावं म्हणून म्हटलं, वधूवर सूचक मंडळासारखं आहे, दोन्हीकडच्या वह्या काढायच्या आणि वय, उंची, दात पडताळायचे. ती म्हणाली, "शुभ बोल."

संस्थेचं नाव लिहीत नाही. मानधन नव्हतं. तिकडचे सकाळचे आठ म्हणजे आपले रात्रीचे साडेआठ, त्यामुळे मीटिंग नेमकी जेवणाच्या वेळी असायची.

हे सगळं संगणकावर का करावं लागतं, हा प्रश्न मात्र कुणी विचारत नाही. 1994 पासून अमेरिकेनं मेक्सिकोच्या सीमेवरच्या शहरांत पहारा वाढवला आणि चोरून सीमा ओलांडणारे लोक वाळवंटातून चालू लागले. ॲरिझोनातल्या टक्सन शहराच्या शवागारात आलेल्यांपैकी हजाराहून जास्त अजून अनोळखी आहेत. डीएनए आहे की, असं म्हणाल. पण सरकारी डीएनए यादीत नातेवाइकाचा नमुना पोलिसांमार्फतच जातो, आणि अमेरिकेत कागदपत्रांविना राहणारा भाऊ पोलीस ठाण्याची पायरी चढत नाही. आई मध्य अमेरिकेत, ग्वाटेमालातल्या खेड्यात. म्हणून मग फोनवरून माहिती घ्यायची, फॉर्म भरायचे आणि ते फॉर्म माझ्यासारखीनं वाचायचे.

"आपल्या लोकांचा काय संबंध?" हेही विचारून झालंय. जून 2019 मध्ये त्याच वाळवंटात सहा वर्षांची पंजाबी मुलगी उन्हानं गेली. आई पाणी शोधायला पुढे गेली होती. त्या दिवशी तापमान होतं 42 अंश. नागपूरकराला 42 म्हणजे काय ते सांगावं लागत नाही, आम्ही त्याला बरा दिवस म्हणतो. पण आमच्या खिशात कांदा असतो आणि कोपऱ्यावर पाणपोई असते.

आता जे लिहायचं टाळत होते ते.

एक फॉर्म होता. विशीतला मुलगा, ग्वाटेमालाचा. वरच्या पुढच्या दातावर धातूची छोटी चांदणी, तिकडे बसवतात हौसेनं. आईनं उंची सांगितली होती ती अशी: घराच्या दाराला डोकं लागायचं नाही, पण टोपी लागायची. शेवटचा फोन जूनच्या मध्यावर. दुसऱ्या यादीत जुलैअखेर सापडलेला एक सांगाडा होता. पुरुष. कॉलरबोनचं, म्हणजे गळ्याखालच्या हाडाचं, आतलं टोक अजून पूर्ण जुळलेलं नाही, म्हणजे विशीतलाच. पुढचे दात नाहीत. एका मुळाचे दात मेल्यावर गळून पडतात, त्यामुळे चांदणी असल्या-नसल्याचा प्रश्नच मिटला. आणि अवस्थेच्या रकान्यात लिहिलेलं: पूर्ण सांगाडा, मांस नाही.

मी हिशेब केला. चाळीस दिवस. चाळीस दिवसांत माणसाचा पांढरा सांगाडा होतो का? पुस्तकातली माती, पुस्तकातला पाऊस डोक्यात होता. मी लिहिलं, "वगळले. कालावधी जुळत नाही." आणि पोळी गार होतेय म्हणून उठले. ती पोळी मला अजून आठवते, त्या मुलाचं वय मात्र परवा वहीत बघावं लागलं.

चार महिन्यांनी, दुसऱ्याच कामासाठी, तिथल्या कीटक आणि प्राण्यांवरचं टिपण वाचत होते. गिधाडं. त्यांचा थवा उतरला की काही तासांत हाडं उघडी पडतात. वर कोल्ह्यासारखे कोयोटी, वर ते ऊन. चाळीस दिवस म्हणजे भरपूर झाले.

मी गिधाड पाहिलेलं नाही. आजी सांगायची, गावाबाहेर मेलेलं ढोर टाकलं की संध्याकाळपर्यंत फक्त फासळ्या उरायच्या. मग गुरांना डायक्लोफिनॅक हे दुखण्यावरचं औषध टोचायला लागले आणि ती मेलेली गुरं खाऊन गिधाडं संपली. 2006 मध्ये गुरांसाठी त्या औषधावर बंदी आली तोवर उशीर झाला होता. मी आजीची गोष्ट गोष्ट म्हणूनच ऐकली. ढोर कुजतं ते महिनोन् महिने कुजतं, वास मारतं, कुत्री ओढतात, हेच माझं ज्ञान. ते मी ॲरिझोनाला लावलं.

बचावासाठी मुद्दे आहेत. मी इंटर्न होते, माझा शब्द अंतिम नव्हता. कालावधीवरून आधी गाळणी लावा, ही सूचना लेखी होती. गिधाडांचं टिपण प्रशिक्षणात नव्हतं, असायला हवं होतं. हे सगळं खरं आहे आणि मी ते मुलाखतीत म्हणूनही दाखवते. पण त्या कामात "शक्यता आहे" असं लिहिलं की तीन जण तपासायचे. "नाही" लिहिलेलं कुणीच उघडत नव्हतं. हे मला दुसऱ्या आठवड्यातच कळलं होतं. कळूनही मी रात्रीच्या दहा-दहा ओळींना "नाही" लिहित होते, कारण "नाही"नं आकडा वाढायचा आणि शुक्रवारच्या मीटिंगमध्ये आकडा विचारायचे.

तेव्हाच्या मला विचारलं तर ती म्हणेल, मग काय, सगळ्यालाच शक्यता लिहायची? याद्या कधी संपतील? तिचं म्हणणं मला खोडता येत नाही. सगळ्याला शक्यता म्हटलं तर त्या आईला दहा वेळा फोन जाणार, आणि दहाही वेळा तो दुसऱ्याच कुणाचा मुलगा निघणार.

मेल लिहिला. "मी चुकले" हे वाक्य तीनदा खोडलं, शेवटी ठेवलं. उत्तर दोन ओळींत आलं: धन्यवाद, पुन्हा उघडतो. रागावले असते तर बरं वाटलं असतं. रकान्यातलं "वगळले" जाऊन "शक्यता" आलं, आणि पुढच्याच आठवड्यात माझी मुदत संपून लॉगिन बंद झालं.

अनोळखी देहांची एक यादी अमेरिकेत सगळ्यांना खुली आहे, नेमअस नावाची. ओळख पटली की नोंद तिथून काढून घेतात. तो क्रमांक माझ्या वहीच्या मागच्या पानावर आहे. गेल्या दिवाळीत टाकून पाहिला तर नोंद होती. मे महिन्यात पाहिला तेव्हा काही सापडलं नाही. ओळख पटली असेल. पटली असेल तर ती याच आईच्या मुलाची की आणखी कुणाच्या, ते मला कोण सांगणार?

मावशी आत आली, स्क्रीनकडे बघून म्हणाली, "भेटलं का काही?" मी "नाही" म्हटलं. मग म्हटलं, थांब, मला माहीत नाही.