राजाराम कॉलेजमधले राजाराम कुठले?

मी राजाराम कॉलेजची म्हटलं की बाहेरगावच्या माणसाचा पुढचा प्रश्न ठरलेलाच, राजाराम म्हणजे शिवाजी महाराजांचे धाकटे चिरंजीव ना? आणि कोल्हापूरचाच असेल तर विचारतो, म्हणजे राजारामपुरीवाले, शाहू महाराजांचे चिरंजीव? दोन्ही नव्हेत. परवा कोणीतरी परत विचारलं म्हणून एकदा नीटच सांगते.

हे राजाराम महाराज मधले. १८६६ ला कोल्हापूरच्या गादीवर आले, १८७० ला इंग्लंड बघायला गेले, तिथं रोजची डायरी लिहिली आणि परत येताना इटलीत फ्लोरेन्सला वारले. वय वर्षं फक्त वीस! अंत्यसंस्कार तिथंच आर्नो नदीच्या काठावर झाले, त्या जागी आजही त्यांची छत्री उभी आहे आणि शेजारच्या पुलाला तिथले लोक 'इंडियानो' म्हणतात. माझ्या भाच्यानं तिथून फोटो पाठवला तेव्हा मी कितीतरी वेळ तो मोठा करकरून बघत बसले. आपल्या गावाचं पोरगं इतक्या लांब एकटं राहिलंय असंच वाटलं मला.

दहा वर्षांनी, १८८० ला, त्यांच्या नावाचं कॉलेज निघालं. तेव्हा ते भवानी मंडपाजवळ होतं, आता सागरमाळावर आहे. गोपाळ कृष्ण गोखले सुरुवातीला इथंच शिकले, यशवंतराव चव्हाणांनी १९३८ ला इथूनच बीए केलं, हे सगळ्यांना पाठ असतं. पण मला जास्त अभिमान वाटतो तो इथं शिकवणाऱ्यांचा. प्रिन्सिपल डॉ. बाळकृष्ण हरिद्वारजवळच्या कांगडीच्या गुरुकुलातून आलेले, त्यांनी शिवचरित्रासाठी डच वखारींचे कागद धुंडाळले. ना. सी. फडके तत्त्वज्ञान शिकवायचे, माधव जूलियन इथं शिकवायला होते, पुढं कन्नड कवी वि. कृ. गोकाक प्रिन्सिपल झाले. संस्थानातलं एक कॉलेज, पण माणसं बघा कुठकुठली!

आणि आ. ने. उपाध्ये सर. सदलग्याचे. १९३० पासून तीसेक वर्षं त्यांनी इथं अर्धमागधी, म्हणजे जैन आगमांची जुनी प्राकृत भाषा, शिकवली. आमचे आजोबा त्यांचे विद्यार्थी. कागलकडच्या शेतकऱ्याचं पोर, दसरा चौकातल्या एका बोर्डिंगात राहून शिकलेलं, घरात त्याआधी कोणी सातवीच्या पुढं गेलेलं नाही, आणि विषय घेतला तो अर्धमागधी! पणजोबांनी विचारलं म्हणे, ह्याचा उपयोग काय रं? आजोबांना तेव्हा सांगता आलं नाही. पण म्हातारपणी सुद्धा अंगणात बसून प्राकृत गाथा म्हणायचे आणि आम्हाला दाखवायचे की बघा, आपण बोलतो ते शब्द दोन हजार वर्षांपूर्वी असे होते, 'हत्थ' म्हणजे हात, 'घर' तर आहे तसाच घर. मला वाटतं असले विषय गावाकडच्या पोरांना परवडत नाहीत असं जे म्हणतात त्यांनी आजोबांना ऐकायला पाहिजे होतं, कारण आपली भाषा गावंढळ नाही हे त्यांना कळलं ते त्याच वर्गात, आणि ते आयुष्यभर पुरलं.

त्यांचं डिग्रीचं सर्टिफिकेट १९४४ चं, मुंबई विद्यापीठाचं, कारण कॉलेज तेव्हा मुंबईला जोडलेलं होतं. शिवाजी विद्यापीठ झालं १९६२ ला आणि त्याचे पहिले कुलगुरू आप्पासाहेब पवार, तेही आधी राजारामचेच प्रिन्सिपल. म्हणजे कॉलेज आधी, विद्यापीठ मागून, हेही लोकांना माहीत नसतं.

आजोबांची वही माझ्याकडं आहे. जांभळ्या शाईत गाथा, खाली मराठी अर्थ, कुठं अडलं तिथं समासात बारीक 'सरांना विचारणे'. बहुतेक ठिकाणी पुढं बरोबरची खूण आहे, म्हणजे विचारलेलं. शेवटच्या पानावर बोर्डिंगचा हिशेब लिहिलाय, तेल, साबण, पोस्टकार्ड, आणि त्याच्याखाली परत एक गाथा.