मेळघाट: तीन शिकाऱ्यांचा आहार पाहायचा असेल तर मचाणावर जाऊ नका

बुद्धपौर्णिमेच्या रात्री मचाणावर बसले की वाघ, बिबट्या आणि रानकुत्री तिन्ही एकाच पाणवठ्यावर पाहायला मिळतात, असे परतवाड्यात मला छातीठोकपणे सांगण्यात आले. त्यावर विश्वास ठेवून मी गेलो, हीच चूक झाली. रानकुत्री मुख्यतः दिवसा, सकाळी आणि सायंकाळी, शिकार करतात; त्यांच्यासाठी रात्र जागवणे व्यर्थ आहे. पहाटेपर्यंत पाण्यावर एक अस्वल आणि दोन सांबरे आली.

त्याहून मनस्ताप दिला तो मचाणाकडे जाणाऱ्या कोरड्या नाल्याने. चढ नसल्यामुळे या टप्प्याबद्दल कोणीच बोलत नाही. परंतु ऐन दुपारी, पाठीवर ओझे असताना, पायाखाली फिरणाऱ्या गोलगोट्यांवरून तीन किलोमीटर चालणे गुडघ्यांची परीक्षा पाहते. माझ्या चार लिटर पाण्यापैकी दोन लिटर तेथेच संपले. सहा लिटर न्या आणि घोट्यापर्यंत येणारे बूट घाला.

ज्यासाठी गेलो होतो ते, म्हणजे कोण काय खातो याचा पुरावा, परतताना, दोन वाटा मिळतात तेथे, वाटाड्याने दाखवले. एकाच जागी रानकुत्र्यांच्या विष्ठेचे सहा-सात ढीग होते, कारण कळप अशा ठिकाणी एकत्र विष्ठा टाकतो. त्यांत सांबराचे जाड, भुरे केस आणि खुराचा काळा तुकडा स्पष्ट दिसत होता. थोडे पुढे बिबट्याच्या विष्ठेची एकच वळकटी होती, तीत वानराचे लांब, करडे केस होते.

कर्नाटकातील नागरहोळे येथे वन्यजीव शास्त्रज्ञ उल्लास कारंथ आणि मेल्विन सनक्विस्ट यांनी अशाच विष्ठा व शिकारींच्या अवशेषांवरून केलेला अभ्यास 1995 साली प्रसिद्ध झाला. त्यात मुख्य भक्ष्याचे सरासरी वजन वाघासाठी 91.5, रानकुत्र्यांसाठी 43.4 आणि बिबट्यासाठी 37.6 किलो निघाले. जेमतेम 12 ते 20 किलोंचे रानकुत्रे कळपाच्या बळावर बिबट्या मारतो त्याहून मोठे जनावर पाडते, ही गोष्ट मला त्या खुराच्या तुकड्यापाशी उभा असताना खऱ्या अर्थाने उमगली.

म्हणून पौर्णिमेचा हट्ट सोडा आणि वनविभागाची परवानगी असलेल्या निसर्गवाटेवर, स्थानिक वाटाड्यासोबत, सकाळी लवकर चाला. विष्ठेत कृमींची अंडी असतात, तेव्हा तिला हात लावू नका आणि परवानगीशिवाय ती उचलूही नका. शेजारी मोजपट्टी ठेवून छायाचित्र घ्या. केसांची खात्रीशीर ओळख सूक्ष्मदर्शकाखालीच होते.

गाडीचे भाडे मात्र निघण्यापूर्वी, थांबण्याच्या पैशांसह, कागदावर लिहून घ्या. माझ्याशी 4,000 रुपये ठरले होते आणि उतरताना 5,500 घेतले गेले.